साठचे आठ का ऐकू येतात?

(दृश्य: ठाणे स्टेशनचा पादचारी पूल, संध्याकाळ)

लोकलचा भोंगा, फलाटावरची घोषणा, फेरीवाल्यांच्या हाका. सगळं एकाच हवेतून, एकाच वेळी कानावर येतं. तरी मागून कुणी "अगं ए, इकडे!" म्हटलं, की मान नेमकी तिकडेच वळते. ती हाक एका कानाला दुसऱ्याच्या किंचित आधी पोचते. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदूला तेवढा पुरतो.

(दृश्य: कानाच्या आतली रचना)

कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची. तिच्या टोकाशी ताणलेला पडदा, आणि पडद्यामागे तीन हाडं: हातोडी, ऐरण, रिकीब. रिकीब शरीरातलं सर्वांत लहान हाड, साधारण ३ मिलिमीटरचं. ही हाडं कशासाठी? पुढे द्रव आहे, आणि हवेतून आलेला आवाज द्रवावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो. म्हणून पडद्यावरचा जोर ही हाडं सुमारे १७ पट लहान खिडकीवर एकवटतात.

खिडकीपलीकडे वेटोळं घातलेली नळी, कर्णावर्त. तिच्यात पेटीच्या पट्ट्यांसारखे स्वर ओळीने लावलेले: बारीक, म्हणजे उंच पट्टीतले स्वर नळीच्या तोंडाशी, खर्जातले पार आत. द्रवातली लाट तिथे कशी सरकते, हे दाखवून देणाऱ्या जॉर्ज फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

लाटेचे विद्युत्‌संकेत करतात केसपेशी. एका कानात सुमारे १५ हजार, जन्माआधीच तयार झालेल्या. पक्ष्यांच्या कानात त्या पुन्हा उगवतात. आपल्या कानात मेलेली पेशी परत येत नाही.

(दृश्य: दहीहंडी, स्पीकरच्या भिंती)

८५ डेसिबलचा आवाज कान ८ तास सोसू शकतो, असं मानतात. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं! आणि स्पीकरला अगदी खेटून, बाबांच्या खांद्यावर लहान मुलं बसलेली असतात. त्यांना लांब न्या, कान झाका.

(दृश्य: जांभळी नाका, भाजीबाजार)

गोंगाटाने आणि वयाने आधी जातात ते बारीक आवाज. 'स', 'श' त्यांतलेच. भाजीवाली "साठ" म्हणते, आजींना "आठ" ऐकू येतं. आपण ओरडलो की 'आ' आणखी मोठा होतो, 'स' बुडालेलाच राहतो. म्हणून समोर या, ओठ दिसू द्या, सावकाश बोला. आणि आजींची श्रवणचाचणी करून घ्या: कुठल्या पट्टीतला आवाज किती कमी झालाय, ते तिच्यात कळतं, आणि श्रवणयंत्र तेवढीच पट्टी वाढवून देऊ शकतं.