विचारलं, तर सांगाल ना?

(इंदूर इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पाळकसाहेब आणि बंधुभगिनींनो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘आपली साक्ष: शब्दाने आणि वर्तनाने’. साक्ष म्हणजे आपली येशूवरची श्रद्धा इतरांपुढे मांडणं. मी मात्र आज शब्दांवर अडून बसणार आहे. वर्तन हवं, असं म्हटलं की आपण सगळेच माना डोलावतो. बोलायची वेळ आली की चपला शोधायला लागतो!

‘सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा.’ असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरत असतं. त्याच्या लिखाणात ते कुठेही सापडत नाही. हा माणूस गावोगाव प्रवचनं करत हिंडायचा. १२१९ साली क्रुसेडची, म्हणजे ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धाची, लढाई चालू असताना तो इजिप्तच्या सुलतानापुढे जाऊन उभा राहिला, तो येशूबद्दल बोलायलाच. आणि आपण त्याच्या आडून गप्प बसतो, याचा मला मनापासून राग येतो.

आपले कवी ना. वा. टिळक घ्या. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी. तो सौजन्याने वागला, आधी कवितेवर गप्पा झाल्या, मग विषय श्रद्धेवर आला. उतरताना त्याने टिळकांना बायबलचा नवा करार दिला. टिळक वाचायला बसले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी पोचल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १८९५मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय काय सोसलं, ते इथे कुणाला सांगायला नको. पण तो प्रवासी नुसताच सज्जनपणे खिडकीबाहेर बघत बसला असता तर?

माझी आत्या नर्स होती. तिच्या वॉर्डात एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा, वास इतका की सुनासुद्धा दारातूनच विचारपूस करायच्या. आत्या कोमट पाण्याचं घमेलं घेऊन बसायची, फडका पिळून आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची, मग पाठ पुसायची. एक दिवस म्हातारीने विचारलं, “बाई, तुला किळस कशी येत नाही गं?” “नोकरी आहे, आजी” म्हणून सुटता आलं असतं. आत्या म्हणाली, “येते, आजी. पण येशूने माझी किळस केली नाही, म्हणून मला तुमची करवत नाही.” एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेलं. म्हातारी शेवटपर्यंत विठोबाचीच राहिली. त्या घरून दिवाळीचा फराळ मात्र आमच्याकडे वर्षानुवर्षं येत राहिला, आणि नातवाच्या परीक्षेआधी ‘तुमच्या देवाला सांगा’ असा निरोपही.

पाळकसाहेब घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुख्य मुद्दा आता घाईतच उरकतो. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात दोन्ही गोष्टी एका दमात आहेत: आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, आणि ते सौम्यपणे द्या. म्हणजे आपलं जगणं कुणाला प्रश्न पडेल असं हवं. याकोब तर त्याच्या पत्रात थेट झापतो: उघड्या-उपाशी भावाला ‘सुखी राहा’ म्हणून वाटेला लावलं, तर उपयोग काय?

आता कायदा. आपल्या राज्यात १९६८पासून धर्मस्वातंत्र्याचा, म्हणजे धाकाने किंवा आमिषाने धर्मांतर करण्याला बंदी घालणारा, कायदा आहे, २०२१मध्ये नवा आला. मध्य प्रदेशातल्याच स्टॅनिस्लाऊस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपल्या धर्माची तत्त्वं मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही. बरेच जण हे ऐकून धास्तावतात. मला विचाराल, तर मन पालटणं हे आपलं काम कधी नव्हतंच, ते पवित्र आत्म्याचं. आमिष, धाक, आजाऱ्याच्या असहायपणाचा फायदा, हे कायदा नसता तरी प्रभूपुढे पापच ठरलं असतं. ऑफिसात कुणी विचारलं, “रविवारी कुठे असता हो?” तर “जरा काम होतं” म्हणू नका. “उपासनेला जातो” म्हणा. पुढचं त्याने विचारलं तर बोला, नाही विचारलं तर चहा प्या.

कायद्याबद्दल शंका असतील त्यांनी चहाच्या वेळी जरूर विचारा, आपल्या मंडळीतल्या वकील भगिनी त्यासाठीच थांबल्या आहेत.