शटर अर्धं खाली आल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

दुकान वाढवायच्या वेळेला आलेल्या गिऱ्हाइकाची बाजू घेणारे पुष्कळ आहेत. ‘ग्राहक म्हणजे देव’ असं लिहिलेली पाटी गल्ल्यामागे टांगलेलीच असते. मी आज त्या देवाची पूजा ज्याला साडेनऊ वाजता करावी लागते, त्याच्याबद्दल बोलणार आहे. म्हणजे काउंटरवरचा मुलगा, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या मावशी, मेडिकलमधला फार्मासिस्ट.

साड्यांचं दुकान घ्या. रोजमेळ मिळवून झालाय, दारातले पुतळे आत आलेत, एक शटर कमरेपर्यंत ओढलंय. तेवढ्यात कुणीतरी वाकून विचारतं, “चालू आहे ना? दोनच मिनिटं!” शेठ म्हणतात, “या ना, या!” काउंटरमागचा मुलगा काही बोलत नाही. त्याला दोन मिनिटांचा भाव ठाऊक असतो. दोन मिनिटांत वीस साड्या उघडल्या जातात. “हाच रंग, पण काठ बारीक.” “पदर दाखवा.” “याच्यात मोरपंखी नाही का?” बाई शेवटी “उद्या सासूबाईंना घेऊन येते” म्हणून जातात आणि इथून खरं काम सुरू होतं. उघडलेली प्रत्येक साडी जुन्या घडीवरच घडी बसवून मिटावी लागते, भरजरी असेल तर दोघांनी दोन टोकं धरून. जरीवर वेडीवाकडी घडी पडली की माल मार खातो. मग मुलगा दादर स्टेशनात पोहोचतो तेव्हा त्याची नेहमीची बदलापूर गाडी गेलेली असते.

खानावळीचं दुखणं वेगळं. तिथे तवा उतरवलेला असतो, ओटा धुतलेला असतो, उरलेलं तेल गाळून ठेवलेलं असतं. एका माणसासाठी पुन्हा तवा तापवायचा म्हणजे पुन्हा ओटा धुणं आलं. मग राग कुठेतरी निघतोच. पंखा बंद होतो, शेजारच्या टेबलावर खुर्च्या उलट्या चढतात, जेवणाऱ्याच्या पायांखालून पोछा फिरतो. हे मला अजिबात पटत नाही. नाही म्हणायचं असेल तर दारातच म्हणा. एकदा पाटावर बसवलं की गरम वाढा. आत घ्यायचं आणि घास मोजायचे, हा दोघांचाही अपमान आहे.

मग दारात थांबवायचं कुणाला? याचा विचार आपल्याकडे कायद्यानंही केलेला आहे. १९४८ सालच्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमानं दुकान बंद करायची वेळ ठरवून दिली, आणि त्याला एक परंतुक जोडलं. बंद व्हायच्या वेळी ज्या गिऱ्हाइकाला माल दाखवणं चालू आहे किंवा जे थांबलेलं आहे, त्याला पुढची पंधरा मिनिटं सेवा देता येईल. मला हे कलम फार शहाणपणाचं वाटतं. आत आलेल्याला बाहेर काढू नका, एवढं सांगून ते थांबलं नाही. नोकराच्या वेळेलाही त्यानं कुंपण घातलं.

बँकेत हेच तत्त्व आहे, पण पाव तासाचं कुंपण नाही. कामकाजाची वेळ संपण्याआधी जो ग्राहक आत आला, त्याचं काम करून द्यावं, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला नोटांची पिशवी घेऊन कुणी आलं, तर कॅशियरला ती मोजावी लागते, रोकड जुळवावी लागते आणि मगच घरी जाता येतं. खिडकीवर त्याचा चेहरा आंबट दिसला, तर एवढं ध्यानात ठेवा.

सगळ्यात नेटकी पद्धत मात्र मतदान केंद्रावरची. वेळ संपली की रांगेत उभ्या असलेल्यांना क्रमांकाच्या सहीच्या चिठ्ठ्या देतात, आणि त्या शेवटच्या माणसापासून वाटायला सुरुवात करतात. पुढून वाटत गेलं तर तेवढ्या वेळात मागे आणखी चार जण येऊन चिकटतील! चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येकाचं मतदान होतं, मग रात्र का होईना. म्हणजे घड्याळ रांगेत शिरण्यासाठी, काम संपण्यासाठी नव्हे. दुकानदारांनी सणासुदीला हे करून बघायला हरकत नाही.

दुकानांपुरतं सांगायचं तर तो पाव तास आता कायद्यात उरलेला नाही. २०१७ चा नवा कायदा आला, जुना गेला. दारूची दुकानं, परमिट रूम असे अपवाद सोडले तर दुकान किती वाजता बंद करायचं, ते आता मालकाच्या मर्जीवर आहे. चोवीस तास उघडं ठेवलं तरी चालतं. जादा कामाला दुप्पट दरानं मजुरी द्यावी, हे त्याही कायद्यात आहे, पण तो आला तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. गल्लीतल्या दोन नोकरांच्या दुकानात रोजच्या वीस मिनिटांचा हिशेब कोण मांडणार? विक्री झाली तर गल्ला शेठचा, आणि गेलेली लोकल मुलाची. माझं म्हणणं एवढंच, की ज्या मालकाला “या ना, या” म्हणायची हौस आहे, त्यानं त्या वेळेचे पैसे द्यावेत. नाहीतर स्वतः उठून साड्या मिटाव्यात.

आता गिऱ्हाइकांनो, तुमच्याकडे वळतो. पोराला ताप आलाय म्हणून रात्री मेडिकलमध्ये धावत आलेल्याला कुणी घड्याळ दाखवू नये, आणि सहसा दाखवत नाहीत. पण तिथेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. तो घरी गेला असेल, तर दुकानातला मुलगा ‘नाही’ म्हणतो तो अडवणूक म्हणून नव्हे. बाकीच्यांनी दारातूनच सांगावं, “दोन नंबरची पांढरी रीळ हवी, सुटे पैसे आहेत.” असं गिऱ्हाईक दहा वाजताही नकोसं होत नाही. नकोसा होतो तो “बघू तरी काय काय आहे” म्हणणारा. पुण्यात एक ते चार दुकानं बंद म्हणून आपण इतकी वर्षं विनोद केले, पण एकला पाच मिनिटं कमी असताना तिथे बघायला म्हणून कुणी जात नव्हतं, हेही खरं!

पुण्यातल्याच एका खानावळीची पाटी सांगतो. ‘जेवण साडेदहापर्यंत. पोळी दहापर्यंत, नंतर भात.’ बस. लाटणाऱ्या मावशी दहाला हात धुऊन मोकळ्या होतात. उशिरा येणारे विद्यार्थी आमटी-भात जेवतात, आणि पोळीवरून हुज्जत घालणारा एखादा नवखा आला, तर मालकांना बोलावं लागत नाही, शेजारच्या टेबलावरची मुलंच त्याला पाटी दाखवतात.

नमस्कार.