वाइनच्या गावाला जाताय, मग मुक्काम कुठं टाकणार?

नमस्कार श्रोतेहो. जानेवारी लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच घरांत नाशिकचे वाइनचे मळे बघायला जायचा बेत सुरू होतो, आणि मग वाद एकच, राहायचं मळ्यातल्या रिसॉर्टमध्ये की शहरात लॉजवर. कोण फोटो बघून ठरवतंय, कोण रेट बघून. मी म्हणतो आधी एवढं ठरवा की ओ, संध्याकाळी गाडी कोण चालवणार?

टेस्टिंग म्हणजे घोट-घोटच असतंय, खरं चार-पाच ग्लास फिरले की हिशोब राहत नाही. गाडी चालवताना रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत जेल, किंवा दोन्ही. त्यामुळं मळ्यात रूम घेतली तर ती वाइनरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर पाहिजे, नाहीतर त्या जादा पैशाला अर्थ काय?

आता सगळे मळे एका रस्त्यावर आहेत असं समजू नका. सुला, यॉर्क, सोमा ही गंगापूर धरणाच्या बाजूला, शांदों दिंडोरीकडं, आणि ग्रोव्हर झांपा, व्हॅलोने इगतपुरी तालुक्यात, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. दोन-तीन ठिकाणं बघायची असतील तर शहरात राहून दिवसभराची ड्रायव्हरसकट गाडी करणं परवडतंय. एकच मळा निवांत बघायचा असेल तर तिथंच एक रात्र काढा, तीसुद्धा मंगळवार-बुधवारी, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि रेट वर चढलेले असतात.

घरात आई-आजी बरोबर असतील तर मी तरी डोळे झाकून शहर म्हणेन. त्यांचं रामकुंड, पंचवटी, त्र्यंबकेश्वर होतंय, तोवर बाकीच्यांचा मळा होतोय, कुणाची तक्रार नाही. फक्त 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा लक्षात ठेवा, पर्वणीच्या दिवसांत नाशकात साधी खोली मिळणं अवघड.

बरं, रूमवाले 'व्हिनयार्ड व्ह्यू' म्हणून पैसे घेतात, तर खिडकीतून दिसणार काय ते आपलं आपण बघायला पाहिजे. अथणीकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, एप्रिलात खरड छाटणी झाली की नुसते बुडखे आणि काड्या राहतात, पावसाळ्यात पाला असतो पण घड नाहीत, ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की पुढं माल धरतो. वाइनची द्राक्षं बारकी, जाड सालीची, बी असलेली, ती झाडावर बघायची तर जानेवारी ते मार्चची सुरुवात गाठा. मे महिन्यात कुणी त्या व्ह्यूचे जादा पैसे मागितले तर सरळ साधी रूम द्या म्हणा.

फोनवर विचारायचं ते नीट विचारा, टेस्टिंग धरून रेट आहे का, रात्रीचं जेवण बाहेर कुठं मिळतंय का तिथंच घ्यावं लागतंय, आणि ड्रायव्हरच्या झोपायची सोय काय, हे शेवटचं कुणीच विचारत नाही आणि बिचारा गाडीत डास मारत बसतो. कॉलेजची पोरं असतील तर महाराष्ट्रात वाइनला 21 वय लागतं हेही बघा. गाडी न्यायची नसेल तर गोवा एक्स्प्रेस बेळगावहून मनमाडला जाते, तिथून पुढं नाशिक गाठायचं.

राहता राहिली बाटली. गोव्याहून येताना कणकुंबीला गाडी कशी तपासतात ते आपल्याला ठाऊक आहे, तसं महाराष्ट्रातून येताना कोगनोळीच्या बाजूनंही एक्साइजवाले विचारू शकतात, दर राज्याचा टॅक्स वेगळा. म्हणून मळ्यात घेतलेली बाटली मुक्कामातच उघडलेली बरी, आणि तुमच्या लॉजवर ते चालतंय का हे बुकिंग करतानाच विचारून घ्या, देवळाजवळच्या भक्तनिवासात उतरणार असाल तर तो विचारच सोडा.