तापाआधी गोठ्यात काय घडले होते?

(दृश्य : पहाटेचा गोठा. कंदिलाएवढा मंद दिवा, चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज.)

बेळगाव जिल्ह्यातील शेतकरी घरांचा दिवस गोठ्यापासून सुरू होतो. उचगाव, कडोली, येळ्ळूर ही शहरालगतची गावे असोत, निपाणी-चिकोडीकडचा सुपीक पट्टा असो किंवा जांबोटी-कणकुंबीचे पावसाळी रान असो, शेण काढणे, वैरण टाकणे, आंबोण ठेवणे आणि धार काढणे ही कामे उजाडण्यापूर्वी उरकली जातात आणि ती बहुतेक घरांत बाईच्याच हातांनी होतात. या माहितीपटात हे हात आपल्याला पुन्हा पुन्हा दिसतील, कारण जनावराकडून माणसाकडे येणाऱ्या आजारांची वाट पुष्कळदा या हातांवरूनच जाते.

अशा आजारांना प्राणिजन्य आजार म्हणतात. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय आपल्याकडे लहान मुलालाही असते. मात्र गाभण म्हैस अवेळी गाभडली, तर त्या घटनेचा घरातल्या माणसांच्या प्रकृतीशी काही संबंध असू शकतो, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते. म्हणून आज प्रामुख्याने त्याच आजाराविषयी बोलायचे आहे. त्याचे शास्त्रीय नाव ब्रुसेलोसिस. मराठी पशुवैद्यक त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात, आणि आपल्या भागातील कन्नड भाषक शेतकरी त्याला कंदु रोग म्हणून ओळखतात.

(दृश्य : दावणीला बांधलेली म्हैस. तिच्या अंगावरून फिरणारा हात.)

खानापूर किंवा हुक्केरी तालुक्यातील कोणत्याही गावात घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सातव्या-आठव्या महिन्यातली म्हैस एका रात्री गाभडते. वार, म्हणजे गर्भाभोवतीचे आवरण, पोटातच अडकते. घरातली बाई पदर खोचून, उघड्या हातांनी वार ओढून काढते, मेलेले रेडकू उकिरड्यावर टाकले जाते आणि गोठा पाण्याने धुऊन निघतो. कुणी म्हणते दृष्ट लागली, कुणी म्हणते पाय घसरून पडली असेल. घरावर आलेले नुकसान मोठे असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चर्चा पैशांची होते.

तीन-चार आठवड्यांनी त्या बाईला संध्याकाळचा ताप येऊ लागतो. रात्री अंग घामाने भिजते, सकाळी बरे वाटते, पुन्हा चार दिवसांनी ताप चढतो. कंबर आणि सांधे दुखतात, अंगात त्राण उरत नाही. टायफॉईडची औषधे होतात, मलेरियाची तपासणी होते, सलाईन लावले जाते. ताप उतरतो आणि परत येतो. या सगळ्या काळात डॉक्टरांनी गोठ्याविषयी विचारलेले नसते आणि तिलाही ते सांगण्याजोगे वाटलेले नसते. म्हशीचे दुखणे जनावरांच्या दवाखान्यात राहते, बाईचे दुखणे माणसांच्या दवाखान्यात राहते, आणि या दोन दवाखान्यांमध्ये निरोप नेणारे कोणी नसते.

हा चढ-उताराचा ताप वैद्यकशास्त्राला जुना परिचित आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक अशा तापाने बेजार होत असत. तेथे 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी त्याचा जंतू शोधून काढला आणि त्यांच्याच नावावरून या जंतूला ब्रुसेला हे नाव मिळाले. पण तो जंतू माणसापर्यंत येतो कोठून, हे कोडे पुढे अठरा वर्षे सुटले नाही. 1905 मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झॅमिट यांना दिसून आले की, वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्येच तो मुरलेला असतो आणि त्यांच्या कच्च्या दुधातून माणसाला बाधतो. दरम्यान 1897 मध्ये डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी गायींच्या गर्भपातामागचा जंतू वेगळा केला होता, आणि हे दोन्ही जंतू एकाच कुळातले आहेत हे नंतर उमगले. म्हणजे डॉक्टर आणि पशुवैद्य एकाच शत्रूकडे दोन बाजूंनी पाहत होते. आपल्या तालुक्यांत आजही परिस्थिती फारशी वेगळी नाही, याचे मनापासून वाईट वाटते.

(दृश्य : उकिरड्यावर हुंगत फिरणारी कुत्री.)

गाभडलेल्या जनावराची वार, गर्भजल आणि मृत वासरू यांत ब्रुसेलाचे जंतू अगणित असतात. हातावरच्या बारीक खरचटीतून, डोळ्यांत उडालेल्या शिंतोड्यातून, श्वासावाटे किंवा कच्च्या दुधावाटे ते शरीरात शिरतात. ओलसर, सावलीच्या जागी ते बराच काळ टिकून राहतात आणि कुत्री तो घाण ऐवज ओढत गावभर नेतात. जनावर एकदा गाभडले की पुढच्या खेपेला ते बहुधा पूर्ण दिवस भरून विते, आणि इथेच फसगत होते. मालकाला वाटते जनावर सुधारले, पण त्याच्या दुधातून व विण्याच्या वेळच्या स्रावातून जंतू बाहेर पडतच राहतात. असे जनावर बाजारात विकले गेले, तर आजारही नव्या दावणीला जाऊन पोहोचतो. गाभडल्याची गोष्ट लपवून जनावर विकणे हा केवळ व्यवहारातला खोटेपणा नाही, घेणाऱ्याच्या घरातील लेकरांनाही त्याची किंमत मोजावी लागू शकते.

दुधाविषयी सविस्तर बोलावे लागेल, कारण इथे आपल्या परंपरेत दोन्ही गोष्टी आहेत. तालमीत घुमणाऱ्या पोरांना धारोष्ण दूध पाजण्याची चाल कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत मानाची समजली जाते. त्यामागची माया खरी आहे, पण बाधित म्हशीचे कच्चे दूध ही जोखीम आहे आणि ते कासेतून आता निघाले असले तरी ती कमी होत नाही. याउलट दूध तापवल्याशिवाय विरजण लावायचे नाही, हा आपल्या आज्या-पणज्यांचा नियम अगदी योग्य होता. दूध उकळले की ब्रुसेलाचे जंतू मरतात. डेअरीत जमा झालेले दूध पाश्चरीकरणाने, म्हणजे 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद तापवून, सुरक्षित केले जाते. तासन्‌तास आटवून केलेला आपला कुंदा निर्धास्त खावा. काळजी घ्यायची ती घरात ठेवलेल्या आणि रतिबाने थेट दारात येणाऱ्या दुधाची. तसेच चिकोडी, रायबाग, अथणीच्या माळांवर मेंढरे-शेळ्या घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबांनी शेळीचे दूध उकळूनच प्यावे, कारण शेळ्या-मेंढ्यांमधील ब्रुसेलाचा प्रकार माणसाला अधिक तीव्रतेने बाधतो.

(दृश्य : रबरी हातमोजे, चुन्याची गोणी, खणलेला खड्डा.)

जनावर गाभडले तर पहिले काम म्हणजे पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सालयाशीही संपर्क साधता येतो. वार हाताने ओढू नये. हात लावणे भागच पडले, तर लांब हातमोजे घालावेत, नाक-तोंड झाकावे, आणि गरोदर स्त्रीने व मुलांनी त्या जागेपासून दूर राहावे. वार व मृत वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, जागा जंतुनाशकाने धुवावी आणि ते जनावर काही दिवस वेगळे बांधावे.

आणि त्यानंतर घरात कुणाला रेंगाळणारा ताप आला, तर दवाखान्यात स्वतःहून सांगावे, "डॉक्टर, आमची म्हैस मागल्या महिन्यात गाभडली होती." एवढ्या एका वाक्याने उपचारांची दिशा बदलू शकते. रक्ताची ब्रुसेलासाठी वेगळी तपासणी असते, ती नेहमीच्या तापाच्या तपासण्यांमध्ये आपोआप होत नाही. निदान झाले की औषधे आहेत, पण ती साधारण सहा आठवडे, दोन प्रकारची मिळून, अजिबात न चुकवता घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून आठवड्याने बंद केली, तर आजार उलटतो, आणि मणक्याला, सांध्यांना, पुरुषांच्या वृषणांना दीर्घकाळ त्रास देतो. आपल्याकडे गावच्या दवाखान्यातील बरीचशी माहिती कन्नडमध्ये लावलेली असते आणि धार काढणाऱ्या अनेक मराठी बायकांना ती वाचता येत नाही. ही अडचण खरी आहे. ती दूर होईपर्यंत शाळेत दोन्ही भाषा शिकणाऱ्या मुलीने तो फलक आईला वाचून दाखवावा, अशी कळकळीची विनंती आहे.

(दृश्य : खानापूरच्या जंगलाकडे निघालेली गुरे.)

आणखी तीन धोके थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गाय-म्हैस अचानक लाळ गाळू लागली, गिळेनाशी झाली, की घशात काही अडकले असे समजून मालक तिच्या तोंडात हात घालतो. ते रेबीज असू शकते. असा हात घातला गेला असेल, तर तो साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुसरा धोका फाशी रोगाचा, ज्याला काळपुळी असेही म्हणतात. धडधाकट जनावर एकाएकी मेले आणि नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर ते कातडे काढण्यासाठीसुद्धा फाडू नये, कारण त्याचे बीजाणू मातीत अनेक दशके जिवंत राहतात. तिसरा धोका रानातल्या गोचिडांचा. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये ओळखला गेलेला माकडताप 2016 च्या सुमारास शेजारच्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यापर्यंत आला होता. गुरे त्या तापाने आजारी पडत नाहीत, पण रानातले गोचीड त्यांच्या अंगावरून गोठ्यापर्यंत येतात.

(दृश्य : टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान. सकाळी फिरणारी माणसे.)

बेळगावकर ज्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली रोज फिरतात, तेथे ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यासाठी देवीची लस तयार होत असे, आणि ती वासरांच्या अंगावर वाढवली जाई. देवीच्या रोगापासून आपल्या पूर्वजांना वाचवणाऱ्या लशीत या मुक्या जनावरांचा वाटा होता, हे या शहराने विसरू नये असे वाटते.

आज लशीची गरज वासरांनाच आहे. ब्रुसेलोसिसची लस केंद्र सरकारच्या 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून मोफत दिली जाते. ती फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच टोचायची असते. गाभण जनावराला ती देता येत नाही. ही लस जिवंत जंतूंची असल्यामुळे टोचणाऱ्यालाही हातमोजे घालूनच काम करावे लागते.

(दृश्य : कानात पिवळा बिल्ला असलेली रेडी, तिच्या गळ्यातले दावे सोडणारे बाईचे हात.)

ही रेडी सहा महिन्यांची आहे. लस टोचून घेण्यासाठी तिच्याकडे अजून दोन महिने आहेत.