बँटम कोंबडी: तोट्याचा हिशेब आणि खुडूक होण्याचं सुख

मंडळी, सुरुवात हिशेबानंच करू, म्हणजे नंतर कुणी तक्रार घेऊन यायला नको. पोल्ट्रीतली अंड्यांची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. त्यावर ती ३००च्या वर अंडी देते आणि एकेक अंडं ५५ ग्रॅमच्या आसपास भरतं. वर्षाची १६-१७ किलो अंडी झाली. आता बँटम, म्हणजे चणीनं लहान जातीची कोंबडी, घ्या. ही दिवसाला ५०-६० ग्रॅम खाते, वर्षाचे २० किलो धरा. अंडी १०० मिळाली तर साल चांगलं गेलं म्हणायचं, आणि अंडं ३०-३५ ग्रॅमचं. झाली सव्वातीन किलो. पोल्ट्रीवाल्याला किलोभर अंड्यांमागे अडीच किलो खाद्य लागतं, तुम्हाला सहा. अंगणात किडे-गवत वेचू दिलंत तर त्यात थोडी सूट. तेव्हा ‘अंड्यांचा खर्च वाचेल’ असं सांगून घरातून परवानगी काढायच्या बेतात असाल, तर दुसरं कारण शोधा.

दुसरं कारण आहे, आणि माझ्या मते तेच खरं आहे. बँटम अजून खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते.

पोल्ट्रीच्या धंद्यात खुडूक कोंबडी म्हणजे नुकसान. ती अंडी देणं थांबवते आणि काही आठवडे नुसती बसून राहते. त्यामुळे पिढ्यानपिढ्या जी खुडूक होत नाही तिचीच पिल्लं पुढे वाढवली गेली, उबवण्याचं काम यंत्राकडे गेलं, आणि आजच्या व्हाइट लेगहॉर्न या पोल्ट्रीतल्या जातीच्या अंगात आईपण जवळजवळ उरलेलं नाही. बँटमच्या बाबतीत असा हिशेब कुणी ठेवलाच नाही. लोकांनी तिची पिसं पाहिली, शेपटीचा डौल पाहिला, चण किती लहान राहते ते पाहिलं. अंडी मोजली नाहीत, म्हणून तिचं बसणं टिकलं. आपल्या गावरान कोंबडीतही ते आहेच. पण गावरान कोंबडीला अंगण लागतं, बँटमला बंगल्याच्या मागची जागाही पुरते.

कोंबडी खुडूक झाली हे ओळखायला पुस्तक लागत नाही. खोक्यात हात घातला की ती पिसं फुलवते, घशातून खर्जात आवाज काढते, चोच मारते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. पोटाखालची पिसं गळतात आणि तिथली उघडी, गरम कातडी थेट अंड्याला लागते. दिवसातून एखाद्या वेळी ती उठते, भराभरा खाते, पाणी पिते, एकदाच भलीमोठी घाण करते, मातीत अंग घुसळते आणि परत जाऊन बसते. तेवढ्या वेळात अंडी गार होतील म्हणून तुम्ही घाबरू नका, तिला कळतं. अंडी उलटीपालटी करणंही तिचं तीच करते. मोठ्या कोंबडीची पिल्लं २१व्या दिवशी निघतात, बँटमची बऱ्याचदा एखादा दिवस आधी.

इथं आपल्याकडे एक घोटाळा होतो. कोंबडी आठवडाभर एकेक अंडं घालते, तरी पिल्लं बरोबरीनं निघतात, कारण २०-२१ अंशांच्या खाली अंड्यातली वाढ थांबलेली असते आणि कोंबडी बसल्यावरच ती पुन्हा सुरू होते. पण एप्रिलमध्ये परभणीला किंवा अकोल्याला खोलीतच ३५ अंश असतील, तर जीव कोंबडीविनाच अर्धवट वाढायला लागतो आणि मध्येच मरतो. मग लोक कोंबडीला नावं ठेवतात. उन्हाळ्यात बसवायची अंडी माठाशेजारच्या गार कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवा आणि आठवड्याच्या आत बसवा.

अंडी बसवायची नसतील तर तिला उठवावं लागतं. काही ठिकाणी नाकात पीस खुपसतात, पाण्यात बुचकळतात. कृपा करून तसलं काही करू नका. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, गवत न घालता, उजेडात तीन-चार दिवस ठेवा. खाणंपिणं नेहमीसारखं द्या. पोट गार पडलं की डोकंही गार पडतं.

आता बँटममधला एक अपवाद सांगते, कारण तो मला फार आवडतो. सेब्राइट नावाची जात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर जॉन सेब्राइट या इंग्रज उमरावानं ती घडवली. वजन जेमतेम ६०० ग्रॅम, रुपेरी किंवा सोनेरी पीस आणि प्रत्येक पिसाला काळी किनार. ही क्वचितच खुडूक होते आणि अंडीही बेताचीच देते. पण गंमत तिच्या कोंबड्यात आहे. त्याला कोंबड्याची पिसंच येत नाहीत: शेपटीची कमान नाही, मानेवर टोकदार झालर नाही. तुरा नरासारखा, आरवणं नरासारखं, पिसारा मात्र थेट मादीचा. फळमाशांवरच्या कामासाठी पुढे १९३३ साली नोबेल मिळालेल्या थॉमस हंट मॉर्गन यांनी या कोंबड्यांची वृषणं काढून पाहिली. नवीन पिसं आली ती चक्क नराची, झुबकेदार! म्हणजे मादीचा पिसारा येत होता तो नराच्या ग्रंथीमुळेच. उलगडा पुढे झाला: या जातीच्या कातडीत नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरक करणारं विकर भरपूर असतं. जातीचे गुण पारखण्याबद्दल या सेब्राइटनं १८०९ साली लिहिलेलं पत्र डार्विननंही वाचलं होतं. एवढ्याशा पाखरानं केवढ्या लोकांना कामाला लावलं पाहा.

पिल्लं विकत घेताना सेब्राइट असो वा नसो, नर-मादी ओळखणं अवघडच. विकणारा छातीठोकपणे ‘सगळ्या तलंगा (तरण्या माद्या) आहेत’ म्हणतो आणि तीन-चार महिन्यांनी त्यातला एक आरवायला लागतो. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, पिल्लं हवी असतील तरच असते. शहरात राहत असाल तर कोंबडा ठेवण्याआधी शेजाऱ्यांशी बोला, सोसायटीला विचारा. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपण म्हणतो. झाकलेल्या कोंबड्यालाही ते कळतं, हे जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही ठरल्या वेळी आरवत राहिले, कारण घड्याळ शरीरातच असतं. तेव्हा गोणपाट टाकून उपयोग नाही. फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याचं प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१९ साली निकाल कोंबड्याच्या बाजूनं लागला. आपल्याकडे त्या भरवशावर राहू नका.

जात निवडताना आपल्या हवेचा विचार करा, फोटोचा नको. सिल्की फार गोड दिसते, मुलांना सगळ्यात आधी तीच हवी असते. पण तिच्या पिसांतले तंतू एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे पाणी ओघळून जात नाही, आत मुरतं. कोकणातल्या पावसात ती भिजून गारठते. पायांवर पिसं असलेल्या पेकिन जातीच्या बँटमला चिखलाचे गोळे लागतात. कोरड्या हवेत, पक्क्या छपराखाली दोन्ही चालतील. सिल्कीची कातडी काळी असते, तेव्हा ‘ही कडकनाथच का?’ असं हमखास विचारतात. नाही. कातडी काळी करणारा जनुकीय बदल दोघींत तोच, पण कडकनाथ झाबुआकडची आणि सिल्की पूर्व आशियातली. जपानी बँटमच्या आखूड पायांची मात्र किंमत मोजावी लागते: आखूड पायांचे नर-मादी एकत्र ठेवलेत तर सरासरी चौथाई पिल्लं अंड्यातच मरतात. एक आखूड पायांचा आणि एक लांब पायांचा अशी जोडी लावा.

उन्हाळ्यात कवच पातळ झालं की लोक शिंपल्यांचा चुरा वाढवतात. चुरा हवाच, पण कारण दुसरंही असतं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बनवायला लागणारं कार्बोनेट अपुरं पडतं. सावली आणि गार पाणी हाच उपाय. खुराड्याला साधी कोंबडी-जाळी पुरत नाही. ती कोंबडीला अडवते, मुंगसाला नाही. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावा आणि वरूनही झाका, कारण बँटम चांगली उडते.

एक गोष्ट मात्र कुणी टाळू नये: मानमोडीची लस. ज्या जावा बेटावरच्या बांतेन बंदराचं नाव या कोंबड्यांना मिळालं, त्याच बेटावर १९२६ साली हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. त्याच सुमारास तो इंग्लंडात न्यूकॅसलला आणि आपल्याकडे राणीखेतला दिसला. माना वळतात, हिरवट हगवण लागते आणि अख्खं खुराडं रिकामं होतं. पहिल्या आठवड्यात लासोटा या लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. पुढचे डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. अडचण अशी की कुपी शंभर डोसांपासून पुढे मिळते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवा आणि एकीच्याच घरी जमा.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय: ‘अंडी देणं थांबल्यावर काय करायचं?’ कापायची की सांभाळायची हा तुमच्या घरचा प्रश्न, पण पिल्लू आणायच्या आधीच तो सोडवा, कारण मुलांनी एकदा नाव ठेवलं की विषय संपतो. बँटम चांगली सांभाळली तर आठ-दहा वर्षंही जगते. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून अंडी घटतात, खुडूक होणं मात्र चालूच राहतं. तेव्हा शेजारच्या गावरान कोंबडीची अंडी मागून आणा आणि हिच्याखाली ठेवा. चार, फार तर पाच ठेवा. त्याहून जास्त तिच्या पोटाखाली मावत नाहीत.