ढीग इथे, बीळ तिथे

कॅलिफोर्नियातल्या एका घरामागची हिरवळ. रात्रीत वर आलेली ही माती बघा, चाळून टाकल्यासारखी भुसभुशीत. ढीग चंद्रकोरीच्या आकाराचा, आणि आतल्या कडेला मातीचंच बूच. हे काम गोफरचं, म्हणजे जमिनीत बिळं करून राहणाऱ्या, उंदरासारख्या प्राण्याचं. मोल हा जमिनीखाली राहणारा दुसरा प्राणीही हिरवळ उकरतो, पण त्याचा ढीग गोल असतो आणि बूच मधोमध. शिवाय मोल किडे-गांडुळं खातो. मुळांवर ताव मारतो तो गोफर.

जेमतेम वीतभर प्राणी. ओठ पुढच्या दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे दातांनी माती उकरली तरी तोंडात कण जात नाही. गालांना बाहेरून केसाळ पिशव्या. मुळं, कंद त्यात कोंबायचे आणि बिळातल्या कोठारात जाऊन पिशव्या रिकाम्या करायच्या. गुलाब उगाच मलूल दिसतो, धरून ओढला तर अलगद हातात येतो. खाली मुळंच नाहीत! ठिबकच्या नळ्याही हा कुरतडतो.

तसा प्राणी चिवट. १९८० साली अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा जमिनीखालचे काही गोफर वाचले आणि राखेखालची सुपीक माती त्यांनीच वर आणली. जंगलाला त्याचा फायदा झाला. बागवाल्याला त्याचं काय कौतुक!

बिळात च्युइंगगम टाकणं, जमिनीत थरथरणारे खुंटे रोवणं, यात पैसे घालवू नका. विषारी आमिष कुत्र्या-मांजरांच्याही पोटात जाऊ शकतं. घरच्या बागेत सापळा बरा, पण तो ढिगात लावून उपयोग नाही. मुख्य बोगदा बाजूला असतो, १५ ते ३० सेंटीमीटर खोल. ताज्या ढिगाच्या बुचाकडच्या बाजूला, वीत-दीड वीत अंतरावर सळई खुपसत जा. हात एकदम दोन बोटं खाली गेला, की बोगदा सापडला. तिथे खणा. दोन सापळे, दोन्ही दिशांना तोंड करून आत सरकवा आणि तारेने खुंटीला बांधा, नाहीतर गोफर सापळ्यासकट आत जायचा. एका बिळात बहुधा एकच गोफर राहतो, म्हणून एक सापडला तरी बरंच काम होतं.

नवं झाड लावताना मुळांभोवती बारीक जाळीची टोपली ठेवा. सापळे लावल्यावर जुने ढीग दाताळ्याने सपाट करून टाका, म्हणजे नवी माती लगेच नजरेत येईल. दोन दिवसांत काहीच सापडलं नाही, तर सापळे उचला आणि दुसऱ्या ताज्या ढिगाजवळ पुन्हा सळई खुपसा.