हिरव्या शेवाळातला लाल रंग

सूक्ष्मदर्शकाखाली ज्या हिरव्या गोल पेशी दिसतात ना, हे हिमॅटोकोकस, गोड्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. खाणंपिणं व्यवस्थित मिळालं तर हिरवंगार राहतं. पण नायट्रोजन तोडा, वरून कडक लाइट मारा, की पेशी जाड कवच करून बसते आणि आत लाल रंग साठवायला लागते, सुक्या वजनाच्या अगदी ४ टक्क्यांपर्यंत. तो अ‍ॅस्टॅझँथिन. सॅल्मन माशाचं मांस गुलाबी असतं ते याच्यामुळेच.

आता हा बाहेर काढायचा कसा? हेक्सेन, अ‍ॅसिटोन अशा सॉल्व्हंटने, म्हणजे रंग विरघळवून घेणाऱ्या द्रवाने, निघतो, पण मग तो सॉल्व्हंट मालातून पूर्ण उडवायला उष्णता द्यावी लागते, आणि उष्णता, उजेड, ऑक्सिजन हे तिन्ही या रंगाचे वैरी.

म्हणून सॉल्व्हंटच्या जागी कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच सीओटू. ३१ अंश सेल्सिअस आणि साधारण ७४ बार दाब (१ बार म्हणजे जवळपास आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), या दोन्हीच्या वर गेलं की तो धड वायू राहत नाही धड द्रव राहत नाही, घनता द्रवासारखी आणि घुसखोरी वायूसारखी. ही अवस्था पहिल्यांदा हेरली फ्रान्समधल्या कान्यार द ला तूर यांनी, १८२२ मध्ये. बंदुकीच्या सीलबंद नळीत अल्कोहोल आणि एक गोळी टाकून ते नळी तापवून हलवत होते, कान देऊन ऐकत होते, आणि एका तापमानाला आतलं डुचमळणंच ऐकू येईना! किती साधा प्रयोग, मला तर फार आवडतो हा.

खरी मेहनत मात्र मशीनच्या आधीची. शेवाळ सुकवायचं, मग मण्यांच्या चक्कीत ते कवच फोडायचं, कारण कवच शाबूत असेल तर कितीही दाब द्या, रंग फारसा हाती लागत नाही. मग ही पावडर सिलिंडरमध्ये भरून बहुतेक वेळा ३००-४०० बारला सीओटू सोडतात, सोबत थोडं इथेनॉल, कारण अ‍ॅस्टॅझँथिन नुसत्या सीओटूत तसा कमीच विरघळतो. पुढच्या भांड्यात दाब उतरवला की सीओटू परत वायू होतो, लालभडक तेलकट अर्क खाली उरतो, इथेनॉल नंतर हलक्या उष्णतेवर उडवतात आणि वायू पुन्हा दाबून फिरवतात. पंप आणि जाड स्टीलची भांडी महाग पडतात हे खरंय, पण एवढ्या नाजूक रंगासाठी मला तरी हा खर्च पटतो.

स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळातला निळा रंग, फायकोसायनिन, मात्र असा निघत नाही, तो प्रथिनाला जोडलेला, पाण्यात विरघळणारा. तिथे आधी सीओटूने केशरी कॅरोटीन काढून घेता येतं, आणि मागे राहिलेल्या चोथ्यातून मग गार पाण्याने निळा.